रसायनशास्त्राचा पहिला तास : विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्याकडून अपेक्षा

जून महिन्याच्या अखेरीस विदर्भातील शाळा उघडतात. पावसाची वाट पाहणाऱ्या उमरखेड परिसरात त्याच सुमारास कपाशीची आणि सोयाबीनची पेरणी चालू असते. आपल्या निवासी शाळेत नव्याने आलेली मुले आपापल्या पेट्या वसतिगृहात लावतात, वेळापत्रक उतरवून घेतात आणि त्यात 'रसायनशास्त्र' हा शब्द पाहून काहीशी बिचकतात. हा विषय कठीण आहे, तो हुशारांचा आहे, तो शहरातल्या मुलांचा आहे, अशी समजूत त्यांच्या कानांवर आधीच आलेली असते. या समजुतीचे निराकरण पहिल्या तासातच झाले पाहिजे. म्हणून त्या तासाचे स्वरूप कसे असावे आणि त्यात कोणी कोणाकडून कशाची अपेक्षा करावी, याचा विचार स्मरणिकेच्या निमित्ताने मांडत आहे. प्रस्तुत लेखक इतिहासाचा अध्यापक आहे. मूलद्रव्यांची सूत्रे शिकवणे हे त्याचे काम नव्हे. परंतु प्रयोगशाळेच्या दारापर्यंत आपला समाज कोणत्या वाटेने आला, हा प्रश्न इतिहासाचाच आहे आणि त्याचे उत्तर जाणल्याशिवाय पहिल्या तासाचे मोल कळत नाही.

फळा आणि पाणी

वर्ग म्हटला की दोन वस्तू डोळ्यांसमोर येतात : फळा आणि पाण्याचा माठ. बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेत या दोन्ही वस्तूंना अस्पृश्यतेचे कुंपण होते. साताऱ्याच्या शाळेत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडून दिल्याशिवाय पाणी मिळत नसे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणीही नसे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात एकदा शिक्षकांनी त्यांना गणित सोडवण्यासाठी फळ्याजवळ बोलावले. तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून सवर्ण मुलांनी धावत जाऊन ते दूर केले, असा प्रसंग चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवला आहे. ही १९०७ च्या मॅट्रिक परीक्षेपूर्वीची, म्हणजे सव्वाशे वर्षांच्या आतली गोष्ट आहे.

त्यानंतर २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. रसायनशास्त्र त्या पाण्याविषयी काय सांगते? तळ्यातले असो, पैनगंगेतले असो वा राजवाड्याच्या हौदातले असो, शुद्ध पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे वजनी प्रमाण एकास आठ असते. चार ग्रॅम हायड्रोजन आणि बत्तीस ग्रॅम ऑक्सिजन यांच्या संयोगाने छत्तीस ग्रॅम पाणी तयार होते. कोणाच्या स्पर्शाने हे प्रमाण बदलत नाही.

परंतु येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. पाण्याची ही घटना अठराव्या शतकाच्या अखेरीसच शास्त्रज्ञांना कळली होती. महाडच्या काळात ती शाळा-महाविद्यालयांतून शिकवलीही जात होती. ती शिकलेले कितीतरी पदवीधर घरी जाऊन पाण्याचा विटाळ पाळत होते. याचा अर्थ असा की, सूत्र पाठ झाल्याने माणूस बदलतोच असे नाही. विज्ञानाची माहिती आणि विज्ञाननिष्ठ आचरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट पहिलीतून आपोआप उगवत नाही, तिची सवय लावावी लागते. रसायनशास्त्राच्या वर्गातील नियमांकडे मी या दृष्टीने पाहतो. ते अपघात टाळण्यासाठी आहेतच, शिवाय ते समतेने वागण्याचेही शिक्षण आहे.

हात आणि डोके यांची फारकत

थोर रसायनशास्त्रज्ञ आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी भारतीय रसायनविद्येचा इतिहास दोन खंडांत लिहिला. पहिला खंड १९०२ साली आणि दुसरा १९०९ साली प्रसिद्ध झाला. प्राचीन भारतात धातुविद्या, औषधी, रंग यांचे एवढे ज्ञान असताना पुढे शोधक वृत्ती का आटली, या प्रश्नाला त्यांनी बगल दिली नाही. जातिव्यवस्थेने हाताची कामे खालच्या मानलेल्या जातींवर टाकली. विचार करणारा वर्ग त्या कामांपासून दूर झाला. त्यामुळे 'हे कसे घडते' आणि 'हे का घडते' हे प्रश्न विचारणारे कोणी उरले नाही, अशी त्यांची मीमांसा आहे. ज्याच्याकडे ग्रंथ होता त्याच्या हाताला काम नव्हते आणि ज्याच्या हाताला काम होते त्याला अक्षर मिळू दिले नव्हते.

उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले घेऊ. कातडी कमावणारे ढोर-कक्कय्या समाजाचे कारागीर ओले कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून त्यावरील केस सैल करीत. नंतर बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात ते मुरवीत. सालीतील टॅनिन कातड्यातील प्रथिनाशी संयोग पावते आणि म्हणून कमावलेले कातडे कुजत नाही. आम्लारीची क्रिया किती दिवस होऊ द्यायची, अर्क किती तीव्र हवा, हे त्या कारागिराला अनुभवाने अचूक ठाऊक होते. ही रसायनविद्याच होती. मात्र तिला विद्येचा मान मिळाला नाही, वाट्याला आली ती दुर्गंधी आणि अस्पृश्यता. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मृत जनावरे ओढण्याचे लादलेले काम टाकून देण्यास सांगितले ते योग्यच होते, कारण ते काम जातीची बेडी म्हणून गळ्यात आले होते. बेडी टाकायची, पण तिच्यामुळे हिरावलेले ज्ञान आपल्या हक्काने परत घ्यायचे. प्रयोगशाळेत परीक्षानळी हातात घेणारी आपली मुलगी हेच करीत असते.

बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. पुढच्याच वर्षी, २० जून १९४६ रोजी, मुंबईत सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या नावात 'कला' या शब्दाबरोबर 'विज्ञान' हा शब्दही होता. १९५० साली त्यांनी औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद म्हणून नावारूपाला आले. पैनगंगेपलीकडचा सारा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तेथे उच्च शिक्षणाची सोय अगदी तुटपुंजी होती. त्या भागात ज्ञानाचे केंद्र उभे करताना त्यांनी आपल्या मुलांना फक्त कारकुनीपुरते शिक्षण पुरे, असे मानले नाही, हे ध्यानात ठेवावे.

पहिला प्रयोग : हळदीचा कागद

पहिल्या तासाला व्याख्यान थोडे आणि प्रयोग एक तरी असावा. त्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. उमरखेडच्या शिवारात हळद पिकते, तेव्हा प्रयोगही हळदीचाच करावा. चमचाभर हळदपूड थोड्या स्पिरिटमध्ये कालवावी. त्यात टिपकागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवाव्यात. स्पिरिट पेट घेते, म्हणून जवळ ज्योत नसावी. मग एका पट्टीवर साबणाच्या पाण्याचा, दुसरीवर चुन्याच्या निवळीचा, तिसरीवर लिंबाच्या रसाचा आणि चौथीवर साध्या पाण्याचा थेंब टाकावा. पहिल्या दोन पट्ट्या तांबूस होतात. उरलेल्या दोन पिवळ्याच राहतात. तांबूस झालेल्या पट्टीवर लिंबू पिळले की ती पुन्हा पिवळी होते. हळदीतील कुरकुमिन हे द्रव्य आम्लारीच्या सान्निध्यात रंग बदलते, एवढाच त्याचा अर्थ. हळद आणि चुना यांपासून लाल कुंकू तयार करण्याच्या पारंपरिक कृतीमागे हेच रसायन आहे.

आता खरा प्रश्न विचारावा : लिंबाच्या आणि पाण्याच्या पट्ट्या सारख्याच दिसतात, तर लिंबू आणि पाणी सारखे आहेत काय? मुले हसून नाही म्हणतात. मग वहीत काय लिहायचे? 'रंग बदलला नाही' एवढेच लिहायचे. 'हे आम्ल नाही' असे लिहायचे नाही, कारण हळद आम्ल ओळखूच शकत नाही. त्यासाठी लिटमस कागद हवा. आपल्या साधनाला काय दिसते आणि काय दिसत नाही याची जाणीव ठेवणे हा विज्ञानाचा पहिला धडा आहे.

याच तासाला चमत्कारांचीही उकल करता येते. सुरी लिंबातून फिरताच रक्त निघाले, म्हणजे करणी झाली, असे सांगून भोंदू लोक पैसे उकळतात. सुरीच्या पात्यावर मिथिल ऑरेंज लावले असेल तर लिंबातील आम्लाने ते लाल होते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने हे गावोगाव दाखवून दिले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपासून प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्यही आहे. तथागतांनी कालामांना केलेला उपदेश याहून वेगळा नाही : ऐकीव आहे, परंपरेचे आहे वा ग्रंथात आहे एवढ्यावर कशाचाही स्वीकार करू नये, स्वतः जाणून मग स्वीकारावे.

विद्यार्थ्यांकडून अपेक्षा

आपण ग्रहण करतो त्या पंचशीलातील प्रत्येक शीलाला पालीत 'शिक्खापद' म्हणतात. शिक्खापद म्हणजे स्वतःहून पत्करलेला शिक्षणाचा नियम. वरून आलेली आज्ञा आणि स्वतः पत्करलेला नियम यांत फार अंतर आहे. आज्ञा देणारा दूर गेला की आज्ञा मोडते, पत्करलेला नियम मात्र एकांतातही पाळला जातो. प्रयोगशाळेचे नियम याच भावनेने घ्यावेत आणि प्रत्येकामागचे कारण विचारून घ्यावे.

एक. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. तीव्र गंधकाम्लात पाणी मिसळताना मोठी उष्णता निर्माण होते. पाणी आम्लापेक्षा हलके असल्याने ते वरच्या वर उकळते आणि आम्लासह अंगावर उडते. पाणी जास्त ठेवून त्यात आम्ल थोडे थोडे सोडले की ती उष्णता साऱ्या पाण्यात विभागली जाते.

दोन. कोणत्याही द्रव्याची चव घेऊ नये. वास घ्यावयाचा असेल तर हाताने वाऱ्यासारखी वाफ नाकाकडे आणावी. तापवताना परीक्षानळीचे तोंड स्वतःकडे अथवा शेजाऱ्याकडे नसावे. केस बांधलेले, कपडे सुती आणि डोळ्यांवर चष्मा असावा.

तीन. त्वचेवर आम्ल उडाले तर ताबडतोब वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटे धरावे आणि शिक्षकांना सांगावे. भीतीने लपवू नये.

चार. बाटलीवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय बाटली उघडू नये. उरलेले द्रव्य पुन्हा बाटलीत टाकू नये, कारण एका थेंबाने सारी बाटली अशुद्ध होते.

पाच. वहीत जे दिसले तेच लिहावे. मित्राच्या वहीतला आकडा अथवा पुस्तकातले अपेक्षित उत्तर उतरवू नये. मेंदेलेव्ह यांनी १८६९ साली मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडली तेव्हा जेथे मूलद्रव्य सापडले नव्हते तेथे त्यांनी जागा रिकाम्या सोडल्या. १८७५ साली गॅलियम, १८७९ साली स्कँडियम आणि १८८६ साली जर्मेनियम सापडले आणि त्या जागा भरल्या. प्रामाणिकपणे सोडलेल्या रिकाम्या जागेला विज्ञानात केवढा मान आहे, हे यावरून दिसते.

सहा. हा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाच मुलांच्या गटात एकाने प्रयोग करावा आणि चौघांनी पाहावा, असे होऊ नये. तसेच मुलांनी ज्योत पेटवावी आणि मुलींनी काचसामान धुवावे, अशी वाटणी तर मुळीच नको. मोजणे, तापवणे, नोंद करणे, धुणे ही कामे पाळीपाळीने प्रत्येकाकडे यावीत. ज्या समाजात साफसफाईचे काम जन्मावरून ठरवले गेले, त्या समाजातील शाळेत परीक्षानळी धुण्याची पाळी कोणालाही चुकवता येता कामा नये. मायकेल फॅरडे लोहाराचा मुलगा होता. चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि १८१३ साली प्रयोगशाळेतील मदतनीस म्हणून विज्ञानात शिरला. पुढे १८२५ साली बेन्झीन त्यानेच शोधले. ज्याला काचसामान स्वच्छ ठेवता येते त्यालाच प्रयोगाचा भरवसा धरता येतो.

शिक्षकांकडून अपेक्षा

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी राजगृहाच्या सिगालाला सहा दिशांचा खरा अर्थ सांगितला. त्यात दक्षिण दिशा म्हणजे आचार्य. शिष्याने आचार्याशी पाच प्रकारे वागावे असे सांगून सुत्त तेथे थांबत नाही. आचार्यानेही शिष्याशी पाच प्रकारे वागावे, असे ते सांगते : चांगले वळण लावावे, शिकवलेले नीट समजले आहे याची खात्री करावी, आपल्याजवळची सारी विद्या द्यावी, मित्रमंडळींत त्याचा गौरव करावा आणि सर्व दिशांनी त्याचे रक्षण करावे. म्हणजे वर्गातील अपेक्षांचा करार दोन्ही बाजूंनी आहे, हे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे.

'सारी विद्या द्यावी' याचा आजचा अर्थ असा की, प्रात्यक्षिक वगळून केवळ त्याची उत्तरे वहीत लिहवून देऊ नयेत. दहावीच्या विज्ञानात शंभरांपैकी वीस गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. प्रयोग न करता ते गुण पदरात पडले तर मुलाचा लाभ होत नाही, अकरावीत गेल्यावर त्याची फसगत होते. 'सर्व दिशांनी रक्षण' याचा अर्थ वाळूची बादली, अग्निशामक, वाहते पाणी आणि प्रथमोपचार पेटी वर्ग सुरू होण्यापूर्वी जागेवर असणे. 'नीट समजले आहे याची खात्री' हा मुद्दा आपल्या भागात भाषेशी निगडित आहे. आपल्या वसतिगृहात मराठी बोलणारी मुले आहेत, तशी घरी गोरमाटी बोलणारी आणि कोलामी बोलणारीही असतात. त्यांना 'अभिक्रिया', 'विद्राव्यता' हे शब्द इंग्रजी शब्दांइतकेच परके असतात. शब्द आधी आणि वस्तू नंतर असा क्रम ठेवू नये. मीठ पाण्यात विरघळताना आधी दाखवावे, मग 'द्रावण' म्हणावे. सोडियमची संज्ञा 'एनए' का, असे मूल विचारील तर ती 'नॅट्रियम' या लॅटिन नावावरून आली, हे सांगावे. ही संज्ञा कोणाच्याही आजोबांच्या घरातून आलेली नाही. ज्याच्या घरात पहिल्यांदाच पुस्तक आले आहे त्याला हा विषय एका अर्थी सोपा आहे, कारण येथे सर्वांनाच पहिल्या अक्षरापासून सुरुवात करावी लागते.

पालकांशी दोन शब्द

पालक म्हणतील, आम्ही मजुरी करणारी माणसे, आम्हाला रसायनशास्त्र काय कळणार? परंतु रसायनशास्त्र आपल्या घरात आधीच आलेले आहे. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. पाठीवर पंप घेणारा हात बहुधा मजुराचा असतो. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल रंग सर्वाधिक विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असे अनेकांना वाटते, ते बरोबर नाही. तेही विषच आहे, केवळ तुलनेने सौम्य. दोन-तीन औषधे एकत्र कालवली की त्यांचा परिणाम कसा होईल हे डब्यावर लिहिलेले नसते. ही चिठ्ठी मुलांकडून वाचून घ्या. वाऱ्याच्या दिशेविरुद्ध फवारू नये, हातमोजे आणि तोंडावरील आवरण वापरावे, मोकळा डबा पाण्यासाठी वापरू नये, हे त्यांना वर्गात शिकवलेले असेल, तर त्यांना घरी बोलू द्या. 'चार बुकं शिकला म्हणून आम्हाला शिकवतो का' असे म्हणू नका.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्या जिल्ह्यातील काही गावांच्या कूपनलिकांत फ्लोराइडचे प्रमाण जास्त आढळते. एका लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत ते चालते. दुसरे पाणी नसेल तर दीड मिलिग्रॅम ही शेवटची मर्यादा आहे. पाणी उकळले की जंतू मरतात, पण फ्लोराइड जात नाही. उलट वाफ निघून गेल्याने उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसू लागले तर गावच्या पाण्याची तपासणी करून मागा. तो आपला हक्क आहे. महाडला पाण्यावरचा अधिकार मागितला गेला, आता त्या पाण्यात काय आहे हे जाणण्याचा अधिकार मागावयाचा आहे.

माजी विद्यार्थ्यांस विनंती

या शाळेतून गेलेले आपले विद्यार्थी आज अनेक ठिकाणी रसायनांच्या सान्निध्यात काम करतात. कोणी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासतो, कोणी औषधांच्या दुकानात आहे, कोणी साखर कारखान्यात उसाच्या रसात चुना किती घालावा हे ठरवतो, कोणी शेती सेवा केंद्र चालवतो, कोणी स्वतः रसायनशास्त्र शिकवतो. त्यांच्याकडे देणगीची अपेक्षा तर आहेच, काचसामान फुटते आणि ते पुन्हा घ्यावे लागते. परंतु त्याहून अधिक गरज त्यांच्या एका दिवसाची आहे. शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांनी एकदा यावे. आपल्या कामातील एखादी साधी क्रिया मुलांना करून दाखवावी, मुलांच्या हातून करून घ्यावी आणि प्रश्नांना उत्तरे द्यावीत. पोफळीच्या कारखान्याची चिमणी लांबून पाहिलेल्या मुलाला त्या चिमणीखाली कोणती अभिक्रिया चालते हे आपल्याच शाळेच्या माणसाने सांगितले, तर वेळापत्रकातला तो शब्द त्याला परका वाटणार नाही.

येण्याची तारीख शाळेच्या कार्यालयाकडे आधी कळवावी, म्हणजे साहित्य काढून ठेवता येईल. आणि प्रयोग संपल्यावर आपण वापरलेली नळी आपणच धुवावी. वर्गातील मुले ते पाहत असतील.

जय भीम.